दारावरची पाटी आणि कमरेचे पिस्तूल

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या दुकानाच्या दारावर ‘शस्त्र घेऊन आत येऊ नये’ अशी पाटी दिसली, की ‘हा तर घटनेने दिलेल्या हक्कावर घाला’ अशी प्रतिक्रिया ठरलेली असते. तिथे स्थायिक होऊन शस्त्र परवाना घेतलेल्या मराठी मंडळींच्या तोंडीही हेच वाक्य ऐकू येते. वाक्य चुकीचे आहे. ते खरे मानून पाटीसमोर हुज्जत घालणाऱ्याला, त्यातही ग्रीनकार्डवर राहणाऱ्याला, ते फार महागात पडू शकते. म्हणून हा पत्रप्रपंच.

शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकी घटनेची दुसरी दुरुस्ती बांधते ती सरकारला. किराणा दुकान, उपाहारगृह किंवा सिनेमागृह चालवणाऱ्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात घराबाहेर स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला, तोही न्यूयॉर्क राज्याच्या परवाना कायद्याविरुद्ध. कुणा दुकानदाराशी त्या निकालाचा संबंध नव्हता. अनवाणी गिऱ्हाइकाला किंवा बाहेरचे खाणे घेऊन येणाऱ्याला जसे दारातून परत पाठवता येते, तसेच कमरेला पिस्तूल असलेल्यालाही. खरा प्रश्न पुढचा आहे: पाटी ओलांडून आत गेले तर नेमके काय होते? याचे उत्तर राज्यागणिक बदलते आणि सगळी गल्लत तिथेच होते.

ढोबळमानाने राज्यांचे दोन गट पडतात. एका गटात पाटीलाच कायद्याचे बळ असते. ती ओलांडली की गुन्हा घडला, कुणी हटकले किंवा नाही हटकले तरी. ओहायो त्यातले. तिथे पाटी माहीत असून आत जाणे हा चौथ्या दर्जाचा किरकोळ गुन्हा आहे आणि त्याला कमाल ३० दिवस कैद व २५० डॉलर दंड होऊ शकतो. दुसऱ्या गटात पाटी ही मालकाची इच्छा तेवढी सांगते. मालकाने किंवा व्यवस्थापकाने बाहेर जायला सांगूनही थांबलात, तर तो ट्रेसपास, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत त्याच्या मर्जीविरुद्ध राहणे. दुसऱ्या गटातली राज्ये ऐकायला सौम्य वाटतात, पण फ्लोरिडाचे उदाहरण घ्या. जा म्हटल्यावर न जाणाऱ्याजवळ बंदूक असेल, तर तिथे तो तिसऱ्या दर्जाचा गंभीर गुन्हा होतो आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला केंद्रीय कायद्याने पुढे बंदूक बाळगताच येत नाही. म्हणजे पाच मिनिटांच्या वादात ज्या हक्कासाठी भांडायचे, तो हक्कच जायचा.

टेक्सासची पद्धत या दोन्हींहून निराळी आणि जरा किचकट आहे. तिथे परवानाधारकासाठी दोन कलमे आहेत: झाकून बाळगलेल्या पिस्तुलासाठी ३०.०६ आणि उघडपणे बाळगलेल्यासाठी ३०.०७. (परवानाधारकांना उघडपणे पिस्तूल बाळगण्याची मुभा १ जानेवारी २०१६ पासून मिळाली.) या पाट्यांचा मजकूर कायद्याने ठरवून दिला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, अक्षरे किमान एक इंच उंचीची, पार्श्वभूमीशी उठून दिसणाऱ्या रंगाची आणि पाटी ठळक जागी. नुसती फुली मारलेल्या पिस्तुलाचे चित्र ही परवानाधारकाला लागू होणारी लेखी सूचना नव्हे. योग्य पाटी ओलांडली तर कमाल २०० डॉलर दंड. पण कुणी तोंडी सांगूनही हलला नाहीत, तर तोच गुन्हा ‘अ’ वर्गात जातो आणि एक वर्ष कैद व ४,००० डॉलर दंडापर्यंत पोहोचतो. तोंडी शब्दाला पाटीपेक्षा जास्त वजन आहे ते असे. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, पण अशांसाठी कलम ३०.०५ वेगळे आहे आणि अक्षरांची उंची मोजून पळवाट काढण्याचा विचार त्यांनी मनातही आणू नये. राहिली ती लाल ‘५१%’ पाटी. ज्या धंद्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते तिथे ती असते. ती मालकाच्या मर्जीची पाटी नाही. तिथे पिस्तूल नेणे हा राज्याच्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे आणि मालकाने डोळा मारून आत घेतले तरी गुन्हा तो गुन्हाच.

उलटा नियमही आहे. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये आणि हवाईने २०२३ मध्ये असा कायदा केला, की मालकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर खासगी जागेत शस्त्रबंदी आहेच, पाटी असो वा नसो. लोकांसाठी खुल्या दुकानांबाबत न्यूयॉर्कची तरतूद संघीय अपील न्यायालयाने रोखली. हवाईची वेगळ्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये उचलून धरली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतले. तिकडे जाणाऱ्याने त्या आठवड्यातली स्थिती पाहूनच निघावे. तसेही टेक्सासचा परवाना न्यूयॉर्कमध्ये चालत नाही, ही साधी गोष्ट विमानतळावर पोहोचल्यावर आठवणारे कमी नाहीत.

आता मराठी वाचकांशी थेट संबंध असलेला भाग. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण शिकार परवाना खिशात ठेवून बाजारात पिस्तूल मिरवणे हा त्या अपवादाचा हेतू नव्हे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. तेव्हा अशा व्यक्तीसाठी पाटीचा प्रश्न मुळात उद्भवतच नाही. मित्राने ‘जरा धर, मी आत जाऊन येतो’ म्हटले तरी हातात घ्यायचे नाही.

ग्रीनकार्डधारकाला बंदूक बाळगता येते. मात्र स्थलांतर कायद्यात एक कलम असे आहे, की बंदूक बाळगण्यासंबंधीच्या कोणत्याही कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते. गुन्हा किरकोळ की गंभीर, दंड २०० डॉलर की २,०००, याची वर्गवारी त्या कलमात नाही. त्यामुळे पाटी ओलांडल्याबद्दल हाती पडलेले तिकीट वेगाच्या दंडासारखे घरबसल्या भरून टाकायचे, ही सर्वांत वाईट चूक. दंड भरणे म्हणजे अनेकदा गुन्हा कबूल करणेच असते. एक पैसाही भरण्याआधी फौजदारी वकील आणि स्थलांतराचा वकील, दोघांनाही तो कागद दाखवावा. नागरिकाला जे दंडावर निभावते, ते ग्रीनकार्डवाल्याला निभावेलच असे नाही.

दारात पोहोचल्यावर करायचे काय? पाटी दिसली की वळायचे. पाटी न दिसता आत गेलात आणि कुणी ‘तुमच्याजवळ बंदूक आहे का, बाहेर ठेवून या’ म्हटले, तर उत्तर एकच: ‘ठीक आहे, निघतो.’ कोणते कलम, पाटी केवढी, चित्र कसे, यातले काहीही तिथे बोलायचे नाही. कपडे वर करून दाखवायचे नाही, हात कमरेकडे न्यायचा नाही, मोबाइलवर चित्रण सुरू करायचे नाही. हातातली टोपली खाली ठेवून दोन्ही हात मोकळे, समोर दिसतील असे ठेवून बाहेर पडायचे. पैसे देऊन झाले नसतील तर सामान सोडून द्यायचे. ‘एवढे बिल करून जातो’ हेसुद्धा सांगूनही न जाणे ठरू शकते. सांगणारा गल्ल्यावरचा १९ वर्षांचा मुलगा असला तरी तो मालकाच्या वतीनेच बोलतो आहे असे धरावे. त्याला अधिकार होता की नव्हता याचा खल नंतर कागदावर करता येतो.

खरा धोका दुकानात नाही, पार्किंगमध्ये आहे. पाटी दिसली, गाडीकडे परतलो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून पिस्तूल काढले, की दोन गोष्टी बिघडू शकतात: नकळत गोळी सुटणे आणि चोरी.

बसल्या जागी होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल उपसताना नळी मांडीकडे किंवा शेजारच्या सीटकडे वळते. परत घालताना शर्टाचे टोक, जॅकेटची दोरी किंवा सीटबेल्टची घडी ट्रिगरच्या कड्यात शिरते. वरून दाबले की ट्रिगर आपोआप ओढला जातो. बोट ट्रिगरवर नव्हते, असे सांगणारा अनेकदा खरेच सांगत असतो. यावर उपाय म्हणजे पिस्तूल होल्स्टरमधून काढायचेच नाही. होल्स्टरची पकड पट्ट्यावरून सोडवून दोन्ही एकत्र, ट्रिगर पूर्ण झाकलेला ठेवूनच पेटीत ठेवायचे आणि परत चढवतानाही एकत्रच चढवायचे. त्यासाठी पट्ट्यावरून सहज निघणारी पकड असलेले होल्स्टर लागते, आणि पेटी होल्स्टरसकट पिस्तूल मावेल एवढी लागते. बहुतेक जण नुसते पिस्तूल मावेल अशी पेटी घेतात आणि मग रोज ते उपसत बसतात.

पेटी पोलादी असावी आणि तिची तार सीटच्या लोखंडी सांगाड्याभोवती गुंफलेली असावी. सीटच्या कापडी खिशाभोवती किंवा प्लास्टिकच्या कडीभोवती नव्हे. तार हा तिचा कच्चा दुवा. मोठ्या कात्रीने ती तुटते. काच फोडून एका मिनिटात पळणाऱ्याला ती अडवते, तासभर सवड असलेल्याला नाही. रोज गाडीत ठेवण्याची वेळ येत असेल तर तळाशी बोल्टने पक्की बसवलेली पेटी घ्यावी. बॅटरीवरच्या कुलपापेक्षा साधे आकड्यांचे यांत्रिक कुलूप बरे. उन्हात तापलेल्या गाडीत बॅटरी नेमक्या वेळी दगा देते. आणि बॅटरीवालेच घेतले, तर त्याची जादा किल्ली त्याच गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवू नये. ग्लोव्ह बॉक्स, दाराचा कप्पा आणि सीटखालची जागा, चोर याच तीन ठिकाणी आधी हात घालतो. गाडीवर बंदूक कंपनीचे स्टिकर लावणे म्हणजे आत काय आहे याची जाहिरात. पिस्तुलाचा क्रमांक आणि फोटो घरी नोंदवून ठेवलेले असावेत. चोरी झाली तर पोलिसांना पहिला प्रश्न क्रमांकाचाच विचारायचा असतो.

पेटीत ठेवण्याचे काम दुकानाच्या पार्किंगमध्ये, चार लोकांसमोर करू नये. घरून निघतानाच त्या दिवशीची ठिकाणे पाहावीत. दुकानाच्या संकेतस्थळावर धोरण नसेल तर फोन करून विचारावे. त्यात कमीपणा नाही. एखाद्या ठिकाणी पाटी आहे हे आधीच माहीत असेल, तर पिस्तूल घरीच राहिलेले उत्तम.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गाडीत ठेवताना दर वेळी चेंबरमधले, म्हणजे झाडायला तयार असलेले, काडतूस काढायचे आणि परत भरताना तेच पुन्हा चेंबरमध्ये चढवायचे, अशी अनेकांची सवय असते. दर वेळी काडतुसाचे टोक चढणीवर आपटते आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत सरकते. आतली मोकळी जागा कमी झाली की बंदुकीच्या दारूचा दाब वाढतो, आणि असे काडतूस झाडले तर पिस्तूल फुटू शकते. अधूनमधून ते नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभे करून पाहावे; नजरेला आखूड दिसले तर झाडू नये, बाजूला काढावे. होल्स्टरसकट जसेच्या तसे ठेवले तर ही भानगड उरत नाही. इलिनॉयमध्येही बंदी असलेल्या जागेच्या पार्किंगमध्ये परवानाधारकाला शस्त्र बंद गाडीत, पेटीत ठेवता येते.

नोकरदारांसाठी थोडक्यात. कंपनी आपल्या इमारतीत शस्त्रबंदी करू शकते, पण फ्लोरिडात २००८ पासून आणि टेक्सासमध्ये २०११ पासून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या, कुलूपबंद गाडीतल्या कायदेशीर शस्त्राला पार्किंगमध्ये मनाई करता येत नाही. अपवाद दोन्हीकडे आहेत. फ्लोरिडात डिस्नेने आतषबाजीसाठीच्या स्फोटक परवान्यावर बोट ठेवून आपल्याला या कायद्यातून सूट असल्याचे २००८ मध्येच सांगितले होते. कंपनीच्या गाडीत मात्र असले काही ठेवू नये.

राहिला प्रश्न नाराजी कशी पोहोचवायची याचा. ‘बंदूक नाही तर पैसेही नाहीत’ असे छापलेली कार्डे गल्ल्यावर ठेवण्याची पद्धत आहे. आमच्या मते ती वाया जाते. गल्ल्यावरचा माणूस धोरण ठरवत नाही. कार्ड कचऱ्यात जाते आणि हा माणूस सशस्त्र आत आला होता का, ही शंका तेवढी मागे राहते. पत्र मालकाला किंवा मुख्यालयाला लिहावे. एक पान पुरे: कोणती शाखा, कोणत्या तारखेला पाटी पाहिली, तिथे वर्षाला साधारण किती खर्च करत होतो (पावत्यांच्या प्रती जोडल्या तर त्या पत्रापेक्षा जास्त बोलतात) आणि आता तो खर्च कुठे जाणार. मागणी एकच आणि मालकाला मान्य करता येईल अशी असावी. ‘सर्व बंदी उठवा’ म्हणण्यापेक्षा ‘उघडपणे बाळगण्यास मनाई ठेवा, झाकून बाळगणाऱ्या परवानाधारकाला येऊ द्या’ हे सोपे जाते. एल पासो इथल्या दुकानातल्या ऑगस्ट २०१९ च्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने तीच मधली वाट काढली: उघडपणे शस्त्र आणू नका अशी विनंती केली, परवाना असलेल्यांच्या झाकलेल्या शस्त्राला हात लावला नाही. स्टारबक्सच्या २०१३ च्या निवेदनातही विनंती होती, बंदी नव्हती. धोरण वाचताना हा फरक आधी पाहावा.

मालक बंदी का घालतो, हेही पत्र लिहिण्याआधी विचारावे. कधी भाडेकरारात अट असते, कधी विमा कंपनीची, कधी फ्रँचायझी देणाऱ्याची. अशा वेळी दुकानदाराला झोडपून उपयोग नाही. पत्र जागेच्या मालकाला किंवा मूळ कंपनीला जायला हवे. अडचण जबाबदारीची असेल तर कायद्याचा आधार दाखवता येतो. विस्कॉन्सिनच्या २०११ च्या कायद्यात, शस्त्र आणण्यास मनाई न करणाऱ्या मालकाला त्या निर्णयातून उद्भवणाऱ्या दायित्वापासून संरक्षण आहे. टेनेसीने २०१६ मध्ये तशीच तरतूद केली. विमा एजंटशी बोलताना दुकानदाराच्या हातात असा कागद असला, की बोलणे पुढे सरकते.

पत्रात काय नसावे? ‘मी पाटी ओलांडून दहादा आलो, कुणाला कळलेही नाही’ हे वाक्य. पाटीला कायद्याचे बळ असलेल्या राज्यात तो सहीनिशी दिलेला कबुलीजबाब आहे. ऑनलाइन परीक्षणातही हे लोक फुशारकीने लिहितात. ‘उद्या काही घडले तर जबाबदारी तुमची’ हे वाक्यही टाळावे. लिहिणाऱ्याला तो इशारा वाटतो, वाचणाऱ्याला धमकी. तीन-चार आठवडे वाट पाहून एकदा आठवण करावी आणि तिथे थांबावे.

जमाव करून, खांद्याला रायफली लटकवून उपाहारगृहात जाणे हा मार्ग टेक्सासमध्ये २०१४ साली करून झाला आहे. परिणाम असा, की तोवर या वादात न पडलेल्या चिपोटले, चिलीज, सॉनिक या साखळ्यांनी गिऱ्हाइकांना शस्त्रे बाहेर ठेवायला सांगितले. खुद्द नॅशनल रायफल असोसिएशनने त्या निदर्शनांवर टीका केली. आंदोलकांचा संताप पाहून काही दिवसांतच ती टीका मागे घेतली, हा भाग निराळा; साखळ्यांनी आपला निर्णय मागे घेतला नाही.

मोटेल किंवा दुकान चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी जाता जाता: पाटी लावायचीच असेल तर आपल्या राज्याची लावा. इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांनी ठरवलेलीच, चार बाय सहा इंचांची पाटी लागते. मिनेसोटात अक्षरे एरियल वळणाची, काळी, किमान दीड इंच. पार्श्वभूमी उठून दिसणारी आणि किमान १८७ चौरस इंच. पाटी दारापासून बाजूला चार फुटांच्या आत आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून चार ते सहा फुटांवर. इंटरनेटवरून छापून काढलेले लाल फुलीचे चित्र काचेवर डकवले, की पाटी लावल्याचे समाधान मिळते, कायद्याचे बळ मिळेलच असे नाही.

आणि पत्रांनंतर एखाद्या मालकाने पाटी उतरवलीच, तर त्याच आठवड्यात तिथे जाऊन खरेदी करावी, पावती जोडून दोन ओळींचे आभारपत्र पाठवावे आणि पिस्तूल शर्टाखाली पूर्ण झाकलेले ठेवावे. उतरलेली पाटी पुन्हा चढायला एका घाबरलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार पुरते.

आपले विश्वासू,
टेक्सासमध्ये शस्त्र परवान्याचे प्रशिक्षण देणारे काही मराठी वाचक